व्यायामाच्या कॅलरी जमेला धरायच्या का? वजन कमी करण्याचं उद्दिष्ट ठरवताना माझा हिशोब कुठे चुकतोय?

केळफूल | ९ मार्च, सकाळी ८:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

मी ठाण्यात राहते. वय ४२, उंची १५८ सेंमी, वजन ६८ किलो. नोकरी बैठी, नऊ तास खुर्चीत आणि वर लोकलचा प्रवास. डिसेंबरपासून आठवड्यातले पाच दिवस पहाटे तलावपाळीला ४५ मिनिटं चालते. पाऊस नाही, पाहुणे नाहीत, एकही आठवडा बुडवलेला नाही.

फोनवरच्या अ‍ॅपमध्ये आठवड्याला अर्धा किलो कमी करायचं असं उद्दिष्ट टाकलं. त्याने रोज १४६० कॅलरी दिल्या. हातात बँड आहे, तो अ‍ॅपला जोडलेला. चालून आले की बँड सांगतो ३१० कॅलरी जळल्या, आणि अ‍ॅप लगेच "आज आणखी ३१० खाऊ शकता" असं दाखवतं. मी खाते. एक पोळी जास्त, संध्याकाळच्या चहाबरोबर दोन खारी, रात्री कपभर दूध. सगळं लिहून ठेवते, लपवाछपवी नाही.

बारा आठवडे झाले. सुरुवातीला ६८.२ होते, आज ६८.० आहे. इतकं नियमाने करून काटा जागचा हलत नाही, तेव्हा सकाळी उठून बूट घालताना मन मागे ओढतं. मैत्रीण म्हणते, व्यायामाच्या कॅलरी मुळीच खायच्या नसतात. बहीण म्हणते, नाही खाल्ल्यास तर अशक्तपणा येईल, केस गळतील. दोघी अगदी खात्रीने सांगतात. खरं काय समजायचं?

---

सह्यवारा | ९ मार्च, सकाळी ९:०२

ताई, माझं मत तुमच्या मैत्रिणीसारखं. मी पुण्याचा, ४६ वर्षांचा, ७८ किलो. दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढायचो. खाली उतरेपर्यंत घड्याळात ११००च्या वर आकडा जायचा. मग गडावर पिठलं, दोन भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही आणि वर ताक. वाटायचं, एवढं जाळलंय, हक्काचं आहे. वर्षभर वजन तेच. गेल्या वर्षी ठरवलं की गडाचा आणि जेवणाचा काही संबंध लावायचा नाही. दही खातो, भजी सोडली. पाच किलो उतरले. तेव्हापासून व्यायामाचा आकडा मी बघतच नाही.

---

त्रैराशिक | ९ मार्च, सकाळी ११:३५

केळफूल, तुमची माहिती नीट दिलेली आहे म्हणून उत्तर देता येईल असं वाटतं. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, आहारतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगतो. दोन गोष्टी कळवा:

१. अ‍ॅपमध्ये नाव नोंदवताना "तुमची दिनचर्या कशी आहे" असं विचारलं असेल. बैठी, थोडी हालचाल, मध्यम सक्रिय, अतिसक्रिय अशांपैकी काय निवडलंत?

२. ३१० हा आकडा एकच दिसतो, की "एकूण" आणि "हालचालीच्या" असे दोन वेगळे दिसतात?

---

केळफूल | ९ मार्च, दुपारी १:२०

सर, "मध्यम सक्रिय" निवडलं होतं. आठवड्यातून पाच दिवस चालते ना, म्हणून. बँडवर आकडा एकच दिसतो.

---

त्रैराशिक | ९ मार्च, रात्री ९:४५

मग तिढा तिथेच आहे. तुमचं चालणं तुमच्या वहीत दोनदा जमा झालंय. सावकाश मांडतो, कारण हीच चूक अनेकांची होते आणि त्यात कष्टाची कमतरता कुठेच नसते.

शरीर नुसतं पडून राहिलं तरी हृदय, मेंदू, यकृत चालू ठेवायला जी ऊर्जा लागते तिला बीएमआर म्हणतात. ती प्रत्यक्ष मोजणं कटकटीचं, म्हणून सूत्र वापरतात. बहुतेक अ‍ॅप १९९०चं मिफ्लिन–सेंट जिऑर सूत्र वापरतात. बायकांसाठी ते असं: वजनाची दहापट, अधिक उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, वजा १६१. तुमचं ६८० + ९८७.५ − २१० − १६१, म्हणजे १२९७.

या आकड्याला दिनचर्येप्रमाणे गुणतात. बैठी असेल तर १.२, थोडी हालचाल १.३७५, मध्यम १.५५. तुम्ही मध्यम निवडलंत म्हणून अ‍ॅपने तुमचा रोजचा खर्च २०१० धरला. आठवड्याला अर्धा किलो म्हणजे, किलोला ७७०० या प्रचलित हिशोबाने, रोज ५५० ची तूट. २०१० वजा ५५०, हेच तुमचे १४६०.

आता १.५५ मध्ये व्यायाम आधीच धरलेला आहे. त्या पर्यायाचा अर्थच "आठवड्यातून तीन ते पाच दिवस व्यायाम करणारी व्यक्ती" असा आहे. त्यावर बँडने तेच चालणं पुन्हा आणून टाकलं, आणि अ‍ॅपने ते निमूटपणे जमा करून घेतलं.

तुमचं चालणं प्रत्यक्षात किती भरतं? त्यासाठी मेट हे माप आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च तासाला, दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी, तो एक मेट. निरनिराळ्या कामांच्या मेटची यादी पहिल्यांदा १९९३ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे अनेकदा सुधारली. सपाटीवर ताशी पाच किलोमीटरच्या आसपास चालणं साडेतीन मेट धरा. ६८ × ३.५ × पाऊण तास = १७८. पण यातला एक मेट तुम्ही घरी खुर्चीत बसला असतात तरी खर्च झालाच असता, आणि तो बीएमआरमध्ये मोजून झालाय. तो वजा केला की उरतात १२८. हे चालण्याचं निव्वळ उत्पन्न. पाच दिवसांचं सात दिवसांवर पसरलं तर रोजचे ९१.

म्हणजे तुमचा खरा खर्च १२९७ × १.२ = १५५६, अधिक ९१, साधारण १६५०. आणि खाणं? पाच दिवस १७७०, दोन दिवस १४६०, सरासरी १६८०. १६५० खर्च आणि १६८० आवक असेल तर बारा आठवड्यांत काटा जिथे असायला हवा तिथेच आहे. तुमच्या शरीरात काही बिघाड नाही आणि तुमच्या जिद्दीतही नाही.

सूत्र अमेरिकी प्रौढांवर मोजून काढलेलं आहे, त्यामुळे शे-सव्वाशे इकडेतिकडे होणारच. पण घोळ कुठे आहे हे दिसायला एवढं पुरतं.

---

केळफूल | ९ मार्च, रात्री १०:३०

सर, मी हे तीनदा वाचलं. मग वही काढून स्वतः गुणाकार केले. १७७० आणि १४६० ची सरासरी खरंच १६८१ येते. तीन महिने मी स्वतःला आळशी, खादाड म्हणत होते. काय लिहू? मनापासून आभार.

दोन शंका. बँड ३१० का दाखवतो, जर खरे १२८ असतील? आणि दिनचर्या "बैठी" केली तर अ‍ॅप १००६ कॅलरी देतंय. एवढ्यावर मी दिवस काढू शकणार नाही.

---

त्रैराशिक | १० मार्च, सकाळी ७:१५

बँडचं: प्रत्येक कंपनीचं गणित आतलं असतं. पण मनगटावरचा बँड नाडीचे ठोके आणि हाताची हालचाल यांवरून अंदाज बांधतो. ठाण्याच्या दमट हवेत, अंगाला घाम असताना, त्याच वेगाने चालूनही ठोके वाढतात. शरीर त्वचेकडे रक्त पाठवत असतं. ऊर्जा तेवढी वाढत नाही, बँडला मात्र वाटतं तुम्ही जास्त मेहनत घेताय. २०१७ साली स्टॅनफर्डमध्ये ६० स्वयंसेवकांवर सात मनगटी उपकरणं तपासली होती. नाडी बहुतेकांनी चांगली मोजली. कॅलरीत मात्र सर्वांत बरं उपकरणही २७ टक्क्यांनी चुकलं, सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. शिवाय अनेक बँड बसल्या जागचा मेटही त्यातच धरतात.

१००६ चं: तो आकडा अजिबात घेऊ नका. बीएमआरच्याही खाली आहे. तो आकडा सांगतोय की तुमच्या बांध्याला, बैठ्या नोकरीत, आठवड्याला अर्धा किलो हे उद्दिष्टच जड आहे. उद्दिष्ट पाव किलोवर आणा. १६५० मधून ३०० वजा केले की १३५०. चालण्याचे ९१ यात आलेले आहेत. चालणं पाचही दिवस ठेवायचं, आणि बँड काहीही म्हणाला तरी वर जोडायचं नाही. अ‍ॅपला बँड जोडलेला आहे तो तोडून टाका.

तीन-चार आठवडे हेच धरा. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, वजन घ्या आणि आठवड्याची सरासरी काढा. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. आदल्या रात्री पापड-लोणचं जास्त झालं, पाळी जवळ आली, की किलोभर पाणी सहज साठतं. शरीरातलं ग्लायकोजेनही, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. सरासरी काय सांगते ते बघून मग १३५० वर-खाली करू. सूत्रापेक्षा तुमचा वजनकाटा जास्त जाणतो, पण त्याला महिना द्यावा लागतो.

---

सह्यवारा | १० मार्च, सकाळी ८:४०

सर, माझ्या सिंहगडाचाही हिशोब लावून द्याल का? ११०० कितपत खरे?

---

त्रैराशिक | १० मार्च, दुपारी २:१०

चढाचा हिशोब शाळेतल्या पदार्थविज्ञानाने लागतो. तुम्ही आणि पाठपिशवी मिळून ८० किलो, चढ साधारण ६०० मीटर. ८० × ९.८ × ६०० म्हणजे ४ लाख ७० हजार ज्यूल, म्हणजे आहारातल्या ११२ कॅलरी (पदार्थविज्ञानात यांना किलोकॅलरी म्हणतात). पण स्नायूंत गेलेल्या ऊर्जेपैकी साधारण पाव हिस्साच वर चढायच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. म्हणून चारपट, ४५०. उतरणं आणि आडवी चाल धरून ६०० ते ६५०.

आणि जेवण? ज्वारीची भाकरी ६० ग्रॅम पिठाची धरली तर एकेक २०० ची. दोन भाकरी, वर तेलाची फोडणी घातलेलं पिठलं, भजी, दही. हजाराच्या खाली येणार नाही. तुम्ही भजी सोडलीत तिथेच तोल बदलला.

---

लांबपल्ला | ११ मार्च, पहाटे ५:५०

धागा छान चाललाय, पण "व्यायामाच्या कॅलरी बघूच नका" हा सल्ला सरसकट जाऊ नये म्हणून लिहितेय. मला तो फार महागात पडलाय.

मी पळते. वय ३४, वजन ५४ किलो. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी चालू होती. आठवड्याला साठ किलोमीटर. तेव्हा एका गटात कोणीतरी सांगितलं की पळण्याचे खायचे नाहीत, वजन उतरेल, वेळ सुधारेल. मी रोज १५०० वर राहिले. पहिल्या महिन्यात दोन किलो गेले आणि सगळ्यांनी कौतुक केलं. मग पाळी लांबली, मग बंदच झाली. चार महिने. मी म्हटलं तणाव असेल. रात्री झोप लागायची नाही, हात गार पडायचे. ऑगस्टमध्ये नडगीत दुखायला लागलं. एका ठिकाणी बोट ठेवलं तरी कळ यायची, जिना उतरताना भिंत धरायला लागायची. एमआरआयमध्ये हाडाला बारीक तडा निघाला. शर्यत सोडाच, सहा आठवडे पळणं बंद.

क्रीडावैद्यक डॉक्टरांनी कागदावर गणित मांडलं. पळण्याचा खर्च किलोमीटरला, दर किलो वजनामागे, साधारण एक कॅलरी. ६० × ५४ = ३२४०, रोजचे ४६३. १५०० मधून ते गेले की उरले १०३७. माझं चरबी सोडून वजन ४३ किलो. म्हणजे हाडं, हार्मोन, बाकी सगळ्या शरीरासाठी दर किलोला २४ कॅलरी. तीसच्या खाली दीर्घकाळ राहिलं की शरीर पाळी आणि हाडं यांच्यावरचा खर्च कापायला लागतं. याला रेड-एस म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये ते नाव पुढे आणलं.

आता मी लांब पळण्याच्या दिवशी जास्त खाते. आधी केळं, पळताना गूळ-लिंबू-मीठ, परत आल्यावर भात-वरण-तूप आणि अंडी. पाळी परत आली, पण त्याला सात महिने लागले. केळफूलताई, तुमच्या ४५ मिनिटांच्या चालण्याला सरांचा हिशोब योग्यच आहे. पण वाचणाऱ्यांपैकी कोणी तास-दोन तास पळत असेल, पोहत असेल, सायकल मारत असेल, त्यांनी कृपा करून व्यायामाचं खाणं कापू नका.

---

त्रैराशिक | ११ मार्च, सकाळी ८:२०

लांबपल्ला, हे लिहिलंत म्हणून धागा पुरा झाला. मी हे आधीच सांगायला हवं होतं. रोजचे शंभर-दीडशे निव्वळ असतील तर ते सरासरीत मुरवायचे, वेगळे खायचे नाहीत. पाचशे-सातशेचा दिवस असेल तर त्याच दिवशी निम्म्याहून जास्त परत द्यायचे. पाळी चुकणं ही शरीराने दिलेली पहिली हाक असते.

---

रातराणी | ११ मार्च, रात्री ११:३०

मी कोल्हापूरला स्टाफ नर्स आहे. ड्युटीवर बारा-तेरा हजार पावलं होतात. मग मी "अतिसक्रिय" धरायचं का? तसं धरलं होतं, वजन वाढलं. घरी आल्यावर मात्र अंगात काही राहत नाही. चपात्या लाटतानासुद्धा स्टूल घेऊन बसते, सुट्टीच्या दिवशी तर उठवत नाही.

---

त्रैराशिक | १२ मार्च, सकाळी ७:३०

रातराणी, तुम्ही जे वर्णन केलंय ते संशोधनात मोजलं गेलंय. हर्मन पाँट्झर या मानववंशशास्त्रज्ञाने टांझानियातल्या हाड्झा लोकांचा खर्च मोजला. शिकार करणारी, कंद खणणारी, दिवसभर चालणारी माणसं. २०१२ साली निष्कर्ष आला की बांधा लक्षात घेतला तर त्यांचा एकूण दैनंदिन खर्च बैठ्या शहरी माणसांपेक्षा फारसा वेगळा नाही. पुढे २०२१ मध्ये १७५४ प्रौढांच्या मोजमापांवरून असं दिसलं की हालचालीत जाळलेल्या ऊर्जेपैकी सरासरी २८ टक्के शरीर इतरत्र बचत करून भरून काढतं. तुमचं स्टूल घेऊन बसणं त्यातलाच एक भाग. बाकीची बचत आत होते, ती दिसतही नाही. म्हणून शंभर जाळले तर सत्तरच जमेला धरा. तुम्ही "थोडी हालचाल", म्हणजे १.३७५ पासून सुरू करा आणि महिनाभर सरासरी बघा. रात्रपाळीच्या आठवड्याचं वजन दिवसपाळीच्या आठवड्याशी ताडू नका.

---

मीठभाकर | १२ मार्च, दुपारी ३:१५

खर्चाची बाजू सगळ्यांनी सांगितली, मी जमेची सांगते. मी नाशिकची, गृहिणी.

आमच्याकडे चार माणसं. महिन्याला पाच लिटर तेल लागतं, हे मला वाण्याच्या बिलामुळे पक्कं माहीत आहे. पण मी रोजच्या नोंदीत स्वतःपुरते "दोन चमचे तेल" लिहायची. एक दिवस नुसता भागाकार केला. पाच हजार मिली भागिले चार, भागिले तीस. माणशी रोज ४१ मिली. म्हणजे ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी. आणि मी लिहीत होते दहा मिलीचे ८३. थोडं तळणाचं फेकलं जातं, कधी पाहुणे जेवतात, ते सोडलं तरी दोनशेचा फरक.

मग घरातली स्टीलची पळी घेतली, काट्यावर वाटी ठेवून शून्य केली आणि पळीभर पाणी ओतलं. १७ ग्रॅम भरलं. मी जिला चमचा म्हणत होते ती साडेतीन चमच्यांची पळी होती. शेंगदाण्याच्या कुटाचं तसंच. शंभर ग्रॅम दाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी. काकडीच्या कोशिंबिरीत मूठभर कूट पडलं की काकडी नावापुरती.

व्यायामाचे १२८ की ३१० यावर आपण एवढी चर्चा केली, पण पळी मोजली नाही तर तो सगळा हिशोब फोडणीतच संपतो. तेल कमी करा असं मी म्हणत नाही, घरच्या चवीचा प्रश्न असतो. फक्त पळी एकदा मोजा.

---

केळफूल | १२ मार्च, रात्री ९:००

मीठभाकरताई, आत्ता लगेच उठून मोजली. माझी १६ ग्रॅमची निघाली!! मी एक चमचा लिहीत होते. भाजीला एक, आमटीला एक. आम्ही तिघं, म्हणजे माझ्या वाट्याला रोज साठेक कॅलरी नोंदीबाहेर. पोळीला लावलेलं वेगळंच.

---

निंबोणी | १४ मार्च, सकाळी १०:२५

एक काळजीची गोष्ट इथे नोंदवून ठेवते. माझ्या वडिलांना मधुमेह आहे, ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. गेल्या वर्षी त्यांनीही असंच वजनाचं मनावर घेतलं. सकाळी गोळी घेऊन, काही न खाता तासभर चालायचे, आणि आल्यावर "जाळलेलं वाया नको" म्हणून नाश्ता पुढे ढकलायचे. एके दिवशी बागेच्या बाकावर घामाने थबथबलेले, हात थरथरतायत, बोलणं तुटक, असे सापडले. साखर ५८ होती. ओळखीच्या गृहस्थांनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, तेव्हा सावरले.

इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या अशा गोळ्या चालू असतील तर व्यायाम वाढवण्याआधी आणि खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्या. बाबांची मात्रा आता निम्मी केली आहे आणि ते चालायला निघण्याआधी थोडं खाऊन निघतात. खिशात ग्लुकोजची पुडी असतेच.

---

सह्यवारा | १४ मार्च, दुपारी १२:०५

निंबोणी, वाचून अंगावर काटा आला. बाबांना नमस्कार सांगा. लांबपल्ला आणि तुमचं वाचल्यावर माझं वरचं मत मी बदलतो. "आकडा बघतच नाही" हे माझ्या रविवारपुरतं चाललं. माझी मुलगी सध्या राज्यस्तरीय कबड्डी शिबिरात आहे, तिला मी हे सांगायला निघालो होतो. सांगणार नाही.

---

केळफूल | १० मे, सकाळी ९:३०

नऊ आठवडे झाले म्हणून अपडेट देतेय. सगळ्यांचे आकडे मी वहीत ठेवलेत.

बँड अ‍ॅपपासून तोडला. रोज १३५०, चालणं पाच दिवस, वर काही जोडलं नाही. पहिल्या तीन आठवड्यांत आठवड्याची सरासरी ६८.० वरून ६७.७ झाली. सरांच्या हिशोबाने पाऊण किलो उतरायला हवं होतं. मग पोळीचं तेलही मोजलं, रोज शंभराच्या आसपास नोंदीत येत नव्हते. ते नोंदीत आणले, खाणं वेगळं कमी केलं नाही, फक्त खारीची जागा फुटाण्यांनी घेतली. पुढच्या सहा आठवड्यांत ६७.७ वरून ६६.४. कंबर ९२ सेंमी होती, आता ८८.५. भारतीय बायकांसाठी ८० च्या आत असावी म्हणतात, तिथे पोचायला वर्ष लागेल. लागू दे.

मध्ये एका आठवड्यात सरासरी ४०० ग्रॅमने वाढली होती. आधीची मी असते तर त्या दिवशी सोडून दिलं असतं. या वेळी पाळीची तारीख बघितली, वाट पाहिली, पुढच्या आठवड्यात खाली आली.

आंब्याचंही सांगते. मेमध्ये हापूस सोडणं मला जमणारं नव्हतं. पावकिलोच्या आंब्यात गर दीडशे ग्रॅम निघतो, शंभरेक कॅलरी. रोज एक, कापून, दुपारच्या जेवणात, आणि त्या दिवशी एक पोळी कमी. आमरसात साखर घालायची नाही एवढंच पाळलं.

आणि गेल्या रविवारी येऊरला अडीच तास चढ-उतार केले. परत आल्यावर लांबपल्लाताईंची आठवण ठेवून भात-वरण-तूप पोटभर जेवले. नोंदही केली.

एक विचारायचं राहिलं. जूनमध्ये पाऊस लागला की तलावपाळी बंद. आमची इमारत सात मजली आहे, जिने चढायचे ठरवलंय. सर, तिथे किती धरू?

---

त्रैराशिक | १० मे, दुपारी १२:५०

केळफूल, वाचून फार आनंद झाला. पहिल्या तीन आठवड्यांनी खाणं कापायच्या आधी तेल मोजलंत, ते सर्वांत योग्य केलंत.

जिन्याचं गणित सिंहगडासारखंच. मजला तीन मीटरचा धरला तर सात मजले २१ मीटर. ६६.४ × ९.८ × २१, चारपट केलं की एका चढाला १३ कॅलरी. दहा वेळा चढलात तर १३०, म्हणजे तुमच्या ४५ मिनिटांच्या चालण्याइतकेच. १३५० ला हात लावू नका. पहिल्या आठवड्यात दहा नको, तीन चढांपासून सुरुवात करा. इमारतीत लिफ्ट असेल तर उतरताना ती घ्या, गुडघ्यांवर उतरतानाच जास्त भार येतो. आणि पावसाळ्यात जिन्यावर पाणी असतं, चपला घालून चढू नका, बूटच घाला.